गर्ल स्काउट कुकीजचा पहिला हंगाम : अमेरिकेत नव्याने आलेल्या मराठी पालकांसाठी

भारतातून येऊन वर्ष-दोन वर्षे झालेल्या घरातली मुलगी शाळेतल्या मैत्रिणींबरोबर गर्ल स्काउट्समध्ये, म्हणजे मुलींच्या स्काउट संघटनेत, जाऊ लागते, तिच्या निळ्या किंवा तपकिरी जाकिटावर दोन-चार बिल्ले लागतात, आणि डिसेंबरच्या सुमारास ट्रूपच्या, म्हणजे तिच्या पथकाच्या, बैठकीतून एक कागद घरी येतो : आपल्या मुलीने यंदा कुकीज विकण्यास आपली संमती आहे काय? त्या कागदावर सही करायला मी स्वतः तीन दिवस घेतले होते, कारण मुलीने लोकांच्या दारात उभे राहून पैसे मागावेत ही कल्पनाच मला रुचत नव्हती. आता न्यू जर्सीतल्या आमच्या गावात चार हंगाम पार पडले आहेत, त्यांपैकी शेवटचे दोन मी ट्रूपची कुकी मॅनेजर, म्हणजे कुकीजचा माल आणि हिशेब पाहणारी पालक, म्हणून सांभाळले, आणि दर वर्षी एखाद्या तरी मराठी घरातून तोच प्रश्न त्याच संकोचाने माझ्याकडे येतो. त्या घरांसाठी हे सविस्तर लिहिते आहे. मुख्य गोष्ट आधीच सांगून टाकते : गिऱ्हाइकाला विचारण्याचे काम मुलीचे, आणि हिशेबाचे व सुरक्षिततेचे काम आपले. पुढची प्रत्येक सूचना या वाटणीला धरून आहे.

आधी संकोचाविषयी

महाराष्ट्रातल्या शाळेत स्काउट-गाईडचा गणवेश ज्यांनी घातला आहे, त्यांना ‘खरी कमाई’ आठवत असेल. शाळेच्या मैदानावर भेळेचे, सरबताचे, वडापावचे स्टॉल लागत, कांदा चिरण्यापासून सुटे पैसे मोजण्यापर्यंत सगळे मुलेच करत, आणि त्या दिवशी हातात आलेल्या पाच-दहा रुपयांना घरून मिळालेल्या खाऊच्या पैशांपेक्षा वेगळेच वजन असे. गर्ल स्काउट कुकीज हे त्याच घराण्यातले काम आहे. मुलगी वस्तू देते, तिची ठरलेली किंमत घेते आणि आभार मानते. यात हात पसरणे कुठेच नाही, हे एकदा आपल्या मनाला पटले की मुलीला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

या उपक्रमाला शंभराहून अधिक वर्षे झाली. ज्युलिएट गॉर्डन लो यांनी १९१२ मध्ये जॉर्जिया राज्यातल्या सव्हाना शहरात गर्ल स्काउट्सची स्थापना केली, आणि पाचच वर्षांनी ओक्लाहोमातल्या मस्कोगी गावच्या मिसलटो ट्रूपच्या मुलींनी घरी भाजलेल्या कुकीज शाळेच्या उपाहारगृहात विकून सेवाकार्यासाठी पैसे उभे केले. १९२२ मध्ये संघटनेच्या मासिकाने कुकीजची एक कृती छापली तेव्हा तिच्यासोबत हिशेबही दिला होता : सहा-सात डझन कुकीजच्या साहित्याला २६ ते ३६ सेंट खर्च येतो आणि डझनाला २५ ते ३० सेंट भाव मिळावा. म्हणजे पाककृतीइतकेच नफा-तोट्याचे गणितही या मुलींच्या हाती पहिल्यापासून होते. १९३६ पासून राष्ट्रीय संघटना व्यावसायिक बेकऱ्यांना परवाने देऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात मैदा, साखर आणि लोण्याची टंचाई झाली तेव्हा काही काळ मुलींनी कुकीजऐवजी कॅलेंडरे विकली.

आज परवाना असलेल्या बेकऱ्या दोनच आहेत, एबीसी बेकर्स आणि लिटल ब्राउनी बेकर्स, आणि विक्री फक्त त्यांच्याच बंद बॉक्सची होते. त्यामुळे ‘कुकीजबरोबर घरचे शंकरपाळे ठेवले तर चालतील का’ या, मला दोनदा विचारल्या गेलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेच आहे. निधी उभारण्यासाठी ट्रूपला दुसरा एखादा उपक्रम करावयाचा असल्यास त्याला कौन्सिलची, म्हणजे ट्रूपवरच्या प्रादेशिक संस्थेची, वेगळी परवानगी लागते.

सही करण्यापूर्वी काय समजून घ्यावे

रचना थोडक्यात अशी आहे. मुलगी ट्रूपमध्ये असते, ट्रूप एका प्रादेशिक कौन्सिलच्या अखत्यारीत असतो, आणि कुकीजची किंमत, हंगामाच्या तारखा व बेकरी कौन्सिल ठरवते. त्यामुळे डॅलसच्या मावसबहिणीने सांगितलेली तारीख किंवा किंमत आपल्याला लागू पडेलच असे नाही. बहुतेक ठिकाणी हंगाम जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान येतो. जाहीर झालेल्या तारखेच्या आधी एकही ऑर्डर घ्यायची नसते, मग शेजारीण कितीही प्रेमाने मागत असली तरी. मुलीची त्या वर्षाची सभासद नोंदणी झालेली असणे आवश्यक आहे. सर्वांत लहान गट डेझी, म्हणजे बालवाडी आणि पहिलीतल्या मुली. दुसरी-तिसरीच्या ब्राउनी, चौथी-पाचवीच्या ज्युनियर, आणि त्यापुढे कॅडेट, सीनियर व अँबॅसडर. डेझींनाही विक्री करता येते. भाग घेणे पूर्णपणे ऐच्छिक आहे आणि नकार दिल्याने मुलीचे ट्रूपमधले स्थान कमी होत नाही, हेही नीट लक्षात घ्यावे.

त्या अर्जातले आर्थिक जबाबदारीचे वाक्य मात्र दोनदा वाचावे. कुकी मॅनेजरकडून जितके बॉक्स आपण सही करून घेऊ, तितक्यांचे पैसे ट्रूपला देण्याची जबाबदारी आपली असते, आणि घेतलेला माल साधारणपणे परत करता येत नाही.

त्याचप्रमाणे हा पैसा मुलीच्या नावावर जमा होत नाही. विक्रीतून बेकरीचा खर्च वजा झाल्यावर उरलेली रक्कम कौन्सिल आणि ट्रूपमध्ये राहते. ट्रूपचा वाटा ट्रूपच्या बँक खात्यात जातो आणि तो कशावर खर्च करायचा हे मुली मिळून ठरवतात. जिने दोनशे बॉक्स विकले तिचे दोनशे बॉक्सचे पैसे वेगळे ठेवता येत नाहीत. ‘माझ्या मुलीने एवढे विकले, मग सहलीला सगळ्या फुकट कशा’ असा प्रश्न एका पालकांनी मला विचारला होता. पथक म्हणजे काय हे मुलीला कळण्याची ती चांगली संधी होती, आणि त्यांनी ती घरी बोलताना वापरली, याचा मला आनंद आहे.

किती विकायचे, हे ठरवताना

उद्दिष्ट ठरवण्याचे काम मुलीसोबत कागद-पेन्सिल घेऊन करावे. समजा, बारा मुलींच्या ट्रूपला १,२०० डॉलर खर्चाच्या शिबिराला जायचे आहे आणि बॉक्समागे ट्रूपच्या हाती ९० सेंट राहतात (हा आकडा कौन्सिलप्रमाणे बदलतो, आपला नेमका आकडा कुकी मॅनेजरला विचारावा). भागाकार केला तर सुमारे १,३३४ बॉक्स होतात, म्हणजे मुलीमागे ११२. तिसरीतल्या मुलीला हा भागाकार थोड्या मदतीने जमतो, आणि ‘खूप विकायचे’ याऐवजी ‘एकशे बारा’ असा ठाम आकडा समोर आला की पुढचे बोलणे सोपे होते : ओळखीची घरे किती, प्रत्येक घरी दोन बॉक्स धरले तर किती, बाकीचे बूथवर, म्हणजे दुकानाच्या दाराशी मांडलेल्या टेबलावर, किती.

बक्षिसांचा तक्ताही याच वेळी घरी येतो. अमुक बॉक्सना बिल्ला, तमुक बॉक्सना मऊ खेळणे, अशी चढती भाजणी त्यात असते. तो तक्ता फ्रिजवर लावू नये असे माझे स्पष्ट मत आहे. खेळण्याच्या मागे लागलेली मुलगी शेवटच्या आठवड्यात रडकुंडीला येते आणि मग बाबा पाकीट काढून उरलेले तीस बॉक्स स्वतःच विकत घेतात. फ्रिजवर शिबिराच्या जागेचा फोटो लावावा.

माल उचलताना हात आखडता ठेवावा. कुकीज ट्रूपकडे केसमध्ये येतात आणि एका केसमध्ये बारा बॉक्स असतात. पहिल्या वर्षी उत्साहाच्या भरात मी पाच केस, म्हणजे साठ बॉक्स, गाडीत भरून आणले. मुलीने एकेचाळीस विकले आणि एकोणीस जेवणाच्या खोलीत रचून राहिले. सुदैवाने एका बूथसाठी दुसऱ्या आईने त्यांतले बारा घेतले. उरलेल्या सातांचे बेचाळीस डॉलर आम्ही भरले आणि घरात एप्रिल संपेपर्यंत चहाबरोबर दुसरे काही खाल्ले गेले नाही. आता मी प्रत्येक नव्या पालकांना सांगते की आधी दोन केस न्या, संपल्यावर पुन्हा या. हंगामात जास्तीचा माल मिळवण्यासाठी कौन्सिलची साठवणुकीची ठिकाणे असतात, तिथून कुकी मॅनेजर आणखी केस आणू शकते. शक्य असेल तर पहिली फेरी केवळ ऑर्डर लिहून घेण्याची करावी आणि माल नंतर पोचवावा.

माल ओळखायला शिकावे

मुलीला प्रत्येक प्रकाराची चव आणि त्यातले घटक माहीत असायला हवेत. थिन मिंट्स, म्हणजे पुदिन्याच्या स्वादाच्या चॉकलेट कुकीज, सर्वाधिक खपतात. ट्रेफॉइल्स ही साधी, लोण्याच्या चवीची कुकी आहे. आपल्याकडच्या नानकटाईची आठवण आल्याने मराठी आजी-आजोबांना ती हमखास आवडते. खोबरे आणि कॅरमलची कुकी लिटल ब्राउनीकडे ‘समोआज’ या नावाने येते, तर एबीसीकडे तिलाच ‘कॅरमल डीलाइट्स’ म्हणतात. शेंगदाण्याच्या बटरची चॉकलेटमधली कुकी एकीकडे ‘टॅगअलाँग्ज’, दुसरीकडे ‘पीनट बटर पॅटीज’. दुसऱ्या राज्यातून आलेले गिऱ्हाईक वेगळे नाव घेते तेव्हा मुलीने गोंधळू नये, एवढ्यासाठी हे माहीत असावे.

मराठी गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. आमच्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात एका काकूंनी बॉक्स हातात घेऊन विचारले, “यात अंडं आहे का गं?” माझी मुलगी क्षणभर माझ्याकडे पाहू लागली, पण मी मुद्दाम तिळगुळाच्या ताटाकडे पाहत राहिले. मग ती म्हणाली, “थांबा काकू, वाचून सांगते,” आणि तिने बॉक्स फिरवून बारीक अक्षरांत बोट फिरवत ती ओळ शोधली. ती ओळ मुलीला आधीच दाखवून ठेवावी. अमेरिकेतल्या कायद्यानुसार दूध, अंडी, गहू, सोया, शेंगदाणे, बदाम-अक्रोडासारखी कवचफळे, मासे, कोळंबी-खेकड्यांसारखे कवचधारी जलचर आणि २०२३ पासून तीळ, हे नऊ अॅलर्जीकारक पदार्थ असतील तर बॉक्सवर तसे लिहावेच लागते. त्यामुळे अंड्याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरजच नाही. थिन मिंट्समध्ये घटक म्हणून अंडी किंवा दूध नसते. तरीही ‘अंश असू शकतात’ ही सूचना वेगळी असते आणि अॅलर्जी असलेल्या माणसाने ती स्वतः वाचावी, असे मुलीने सांगावे. ‘काही होत नाही, घ्या’ हे वाक्य तिच्या तोंडून कधीही येता कामा नये.

दारावर

घरोघरी जाण्याचे नियम कडक आहेत आणि ते तसेच असायला हवेत. डेझी, ब्राउनी आणि ज्युनियर मुलींसोबत मोठे माणूस सतत हवे. मोठ्या मुलींवरही मोठ्यांची देखरेख लागते आणि त्यांनी एकटीने कधीच जायचे नसते. दिवसाउजेडी जावे, गणवेशाचे जाकीट अंगावर असावे, कोणी कितीही आग्रहाने बोलावले तरी घराच्या आत पाऊल टाकू नये, आणि मुलीने फक्त पहिले नाव सांगावे. आडनाव, पत्ता, शाळेचे नाव सांगू नये. आपल्याकडे ‘या, बसा, चहा घ्या’ नाकारणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून मराठी किंवा गुजराती शेजाऱ्यांच्या दारात ही अडचण खरोखर येते. “आज खूप घरं करायची आहेत, काकू, पुन्हा सवडीने येऊ” एवढे आईने मागून म्हटले की कोणाला वाईट वाटत नाही.

मोठ्या माणसाने उभे राहण्याची जागा महत्त्वाची आहे. मी पायऱ्यांच्या खाली, मुलीला हाक ऐकू जाईल आणि घरमालकाला मी दिसेन, अशा अंतरावर उभी राहते. दार उघडल्यावर पहिले वाक्य मुलीचे असायला हवे. घरी आरशासमोर सराव करावा, पण भाषण पाठ करून घेऊ नये. नाव, ट्रूप, पैसे कशासाठी हवेत आणि आपण कुकीज घ्याल का, एवढे पुरते. ‘कशासाठी’ हे वाक्य गाळू नये, कारण गिऱ्हाईक बहुतेक वेळा त्यावरच थांबते.

पहिल्या वर्षीचे पहिले दार मला आजही दिसते. फेब्रुवारीतला शनिवार, कडेला मळकट बर्फाचे ढीग, आणि पायरी चढण्याआधी वळून तिने विचारलेला प्रश्न : “आई, ते नको म्हणाले तर?” मी म्हटले, “तर थँक यू म्हणायचं आणि खाली यायचं.” दार एका वृद्ध गृहस्थांनी उघडले. तिचे वाक्य अर्ध्यात अडकले, ते मोजेच घातलेल्या पायांनी थंडीत तसेच थांबले, आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांनी सांगितले की त्यांना साखर वर्ज्य आहे. ती थँक यू म्हणून खाली आली आणि पुढच्या दाराकडे माझ्याआधी चालू लागली. नकाराचा हा सराव पहिल्या दिवशीच झालेला बरा. आपण मागून ‘डोनेशन तरी द्या’ असे सुचवू लागलो तर मुलगी नकाराला घाबरायला शिकते.

जिथे कुकीज नको असतात पण मुलीला मदत करायची इच्छा असते, तिथे एक मार्ग आधीच आखलेला आहे : बॉक्सचे पैसे द्यावेत आणि तो बॉक्स सैनिकांना, अन्नपेढीला किंवा कौन्सिलने ठरवलेल्या संस्थेला जावा. याचे नाव कौन्सिलप्रमाणे बदलते. साखर वर्ज्य असलेल्या त्या गृहस्थांना दुसऱ्या वर्षी मुलीने हे सुचवले आणि त्यांनी दोन बॉक्सचे पैसे दिले. दान केलेल्या बॉक्सची रक्कम करकपातीस पात्र ठरू शकते. घरी नेलेल्या कुकीजची नाही. ऑफिसातले सहकारी हे हटकून विचारतात.

मंडळ, हळदीकुंकू आणि ऑफिस

आपल्या हंगामाची वेळ मराठी माणसाला फार सोयीची आहे. जानेवारीत संक्रांत, तिथून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू, मंडळाचा तिळगूळ समारंभ, मार्च-एप्रिलमध्ये गुढीपाडवा, शिवाय शनिवार-रविवारची मराठी शाळा. गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका ताईंनी हळदीकुंकवाला वाण म्हणून ट्रेफॉइल्सचे चोवीस बॉक्स लुटले आणि त्या दोन केसची ऑर्डर मुलीने स्वतः फोनवर बोलून घेतली. मात्र कार्यक्रमाच्या दाराशी टेबल मांडून विक्री करायची असेल तर तो बूथ ठरतो आणि त्याला मंडळाची व कौन्सिलची दोघांचीही परवानगी लागते. ओळखीच्या माणसाकडून वहीत ऑर्डर लिहून घेणे वेगळे.

ऑफिसच्या बाबतीत मी थोडी आग्रही आहे. बाबांनी ऑर्डरचा कागद कॉफीच्या यंत्राजवळ ठेवून दिला की पन्नास बॉक्स सहज जातात, पण त्यातला एकही मुलीने विकलेला नसतो. ऑफिसच्या नियमांत बसत असेल तर कागद अवश्य ठेवावा. त्यासोबत मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी लावावी, ऑर्डरप्रमाणे पिशव्या तिने भराव्यात आणि प्रत्येक पिशवीवर आभाराचा कागद तिने चिकटवावा. बाबांनी फक्त वाहतूक करावी.

ऑनलाइन विक्रीसाठी ‘डिजिटल कुकी’ नावाची संघटनेचीच व्यवस्था आहे. तिथे पालकांच्या देखरेखीखाली मुलीचे विक्रीचे पान तयार होते, त्यावर तिचे फक्त पहिले नाव असते, आणि गिऱ्हाईक कुकीज टपालाने मागवू शकते, दान करू शकते किंवा घरपोच मागू शकते. घरपोच ऑर्डर स्वीकारायची की नाही हे पालक ठरवतात, म्हणून हंगामात अशा ऑर्डरींच्या ईमेलवर रोज नजर ठेवावी. दुवा नातेवाइकांच्या आणि मित्रांच्या गटात पाठवावा; जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळांवर तो टाकण्यास मनाई आहे. टपालखर्च गिऱ्हाइकाला बराच पडतो, हे आधी सांगावे.

बूथ

किराणा दुकानाच्या दाराशी दोन तास टेबल लावून विक्री करणे हा हंगामाचा सर्वांत मोठा भाग आहे आणि पहिल्यांदा करणाऱ्याची सर्वाधिक धांदल इथेच उडते. जागा कौन्सिलमार्फत किंवा तिच्या मंजुरीने ठरते. साधारणपणे दोन मोठी माणसे लागतात, आणि त्यांची नोंदणी व पार्श्वभूमीची तपासणी झालेली असावी लागते. ही तपासणी एका दिवसात होत नाही, म्हणून डिसेंबरमध्येच अर्ज भरावा. दोन-तीन मुली पुरेत. सहा मुली उभ्या केल्या तर त्या आपसात खेळू लागतात आणि गिऱ्हाईक बाजूने निघून जाते.

सोबत घ्यायच्या वस्तू : घडीचे टेबल, किमतीचा ठळक फलक, झाकणाची पैशांची पेटी, एक आणि पाच डॉलरच्या नोटा, कार्ड घेण्यासाठी चार्ज केलेला फोन, वही, दोन पेने, हातातली उब टिकवणाऱ्या पुड्या, आणि टेबलावर अंथरलेले कापड उडू नये म्हणून चार चिमटे. बोटे मोकळी राहतील असे हातमोजे घ्यावेत, कारण जाड हातमोज्यांनी नोटा मोजता येत नाहीत आणि ते काढले की बोटे बधिर होतात. बॉक्सची किंमत सहा डॉलर असेल तर सहाचा पाढा एका पुठ्ठ्यावर लिहून मुलींच्या बाजूने टेबलाला चिकटवावा : एक ६, दोन १२, तीन १८, चार २४. त्याखाली ‘तीन बॉक्स, वीसची नोट, दोन परत’ असे दोन-तीन नमुने लिहावेत. पैसे मुलीने मोजून द्यावेत, आपण तिच्या खांद्यावरून मनात मोजावे. तिला वेळ लागतो. गिऱ्हाईक थांबते; आजवर या कारणाने निघून गेलेले कोणी मी पाहिलेले नाही.

दुकानात शिरणाऱ्याला विचारण्यापेक्षा बाहेर पडणाऱ्याला विचारावे, कारण शिरणाऱ्याच्या डोक्यात यादी असते. शिरणाऱ्याला नुसते हसून ‘गुड मॉर्निंग’ म्हटले की तोच माणूस परतताना आपणहून टेबलाकडे येतो. दाराची वाट अडवू नये, ओरडू नये, आणि निघताना रिकामे खोके दुकानाच्या कचरापेटीत न टाकता घरी न्यावेत. पुढच्या वर्षी तीच जागा मिळणे यावरही अवलंबून असते.

आता हिशेब. बूथ सुरू होण्यापूर्वी दोन्ही मोठ्यांनी मिळून पेटीतले सुटे पैसे आणि टेबलावरचे बॉक्स मोजावेत, वहीत लिहावेत आणि दोघांनी सह्या कराव्यात. उदाहरणार्थ, सुरुवातीची रोकड ६० डॉलर आणि ९६ बॉक्स. शेवटी ३१ बॉक्स उरले, म्हणजे ६५ गेले आणि विक्री ३९० डॉलर झाली. फोनवर कार्डाची विक्री २१६ दिसते, तर रोख विक्री १७४ असायला हवी आणि पेटीत ६० धरून २३४. दानाचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवले नाहीत तर हा ताळा कधीच जुळत नाही. माझ्या दुसऱ्याच बूथवर आम्ही सुरुवातीची रोकड लिहिलीच नव्हती. शेवटी वीस डॉलर कमी भरले आणि सकाळी पेटीत चाळीस ठेवले होते की साठ, हे आम्हा दोघींपैकी कोणालाही खात्रीने सांगता येईना. दोघीही काही बोललो नाही, आणि ते न बोलणेच जड गेले. मी माझ्या पर्समधून वीस डॉलर घातले. त्या दिवसापासून सह्या झाल्याशिवाय मी पहिला बॉक्स टेबलावर ठेवत नाही.

पैसे, पावत्या आणि शेवटचा आठवडा

बॉक्स किंवा पैसे एका हातातून दुसऱ्या हातात गेले की पावती व्हायलाच हवी, मग समोर सख्खी मैत्रीण का असेना. पावतीवर तारीख, प्रकारानुसार बॉक्सची संख्या, रक्कम आणि दोघांच्या सह्या असाव्यात. ‘आपल्यात काय हिशेब’ हे वाक्य घरच्या व्यवहारात शोभते. हा पैसा बारा मुलींचा आहे. रोकड घरात साठवू नये, आठवड्यातून एकदा तरी कुकी मॅनेजरकडे द्यावी किंवा तिच्या सूचनेप्रमाणे ट्रूपच्या खात्यात भरावी, कारण कौन्सिल आपले पैसे ठरलेल्या तारखांना त्या खात्यातून थेट काढून घेते आणि त्या दिवशी रक्कम अपुरी असेल तर अडचण साऱ्या ट्रूपची होते. चेक घ्यायचे असल्यास ते कोणाच्या नावे असावेत हे आधी विचारावे. मुलीच्या किंवा आपल्या नावाने कधीही घेऊ नयेत. माल गाडीच्या डिकीत विसरू नये. आमच्याकडच्या थंडीत काही बिघडत नाही, पण टेक्सास किंवा कॅलिफोर्नियात मार्चच्या उन्हात चॉकलेट वितळते आणि तो बॉक्स आपल्याच खात्यावर पडतो.

शेवटच्या आठवड्यात बॉक्स उरणार असे दिसले तर लपवून ठेवू नये, लगेच कुकी मॅनेजरला सांगावे. कुठल्या तरी बूथला तोच प्रकार कमी पडत असतो आणि दोन दिवस आधी कळले तर बदली करता येते. हंगाम संपल्यावर कळवून उपयोग नसतो.

सगळे पैसे भरून झाले, शेवटची पावती हाती आली की एक संध्याकाळ राखून ठेवावी. मुलीने आभाराच्या चिठ्ठ्या लिहाव्यात आणि ऑर्डरच्या वहीत पुढच्या वर्षासाठी नोंदी कराव्यात. माझ्या मुलीची वही आता चौथ्या वर्षात आहे. तिचे अक्षर पहिल्या पानांवर मोठे आणि वाकडे आहे, पुढे लहान होत गेले आहे. कोणाचेही आडनाव त्यात नाही. या एप्रिलमध्ये तिने लिहिलेली शेवटची नोंद अशी आहे : “कोपऱ्यावरचं निळं घर. थिन मिंट्स ३. कुत्रा झोपलेला असतो, बेल एकदाच वाजवायची. साखर नको असलेले आजोबा, २ दान. यंदा त्यांनी आधी माझं नाव सांगितलं.”